गमतीच्या वस्तूचं पेटंट: खेळ एकीकडे, शब्द दुसरीकडे

जगभरातली पेटंट कार्यालयं आपल्याकडे आलेले शोध एका सामाईक वर्गवारीनुसार लावून ठेवतात. प्रत्येक शोधाला अक्षरं आणि आकडे मिळून एक खण मिळतो. खेळण्यांचा खण 'ए६३एच'. त्यातल्या ३३/२८ या कप्प्यात साबणाचे फुगे उडवणारी खेळणी आहेत, आणि थोडं पुढे गेलं की ३७/०० हा कप्पा लागतो. त्याच्या नावातला पहिलाच शब्द आहे 'जोक्स'. थट्टेच्या वस्तू, उधळायच्या कागदी टिकल्या, नाचाच्या कार्यक्रमात वाटायच्या गमतीजमती, हे सगळं तिथे. इंजिनं, औषधं आणि पुलांचे सांधे यांच्यासाठी बांधलेल्या त्या भल्यामोठ्या कपाटात कुणीतरी विचारपूर्वक थट्टेसाठीही एक कप्पा ठेवला, हे मला फार आवडतं.

त्या कपाटातला माझा लाडका कागद १९४६ सालचा आहे. अमेरिकेत मायल्स सुलिवन यांना मिळालेलं पेटंट, आणि त्याचं शीर्षक आहे फक्त 'नॉव्हेल्टी डिव्हाइस', म्हणजे गमतीची वस्तू. पाण्याच्या पेल्यात चोच बुडवून पुन्हा उभा राहणारा, तासन्‌तास मान हलवणारा काचेचा पक्षी तुम्ही पाहिला असेल, तोच हा. त्याच्या पोटात सहज वाफ होणारा द्रव असतो आणि डोक्याला ओलं कापड गुंडाळलेलं असतं. कापडातलं पाणी सुकतं तसं डोकं थंड होतं, आतली वाफ आकसते, तिथला दाब उतरतो आणि पोटातला द्रव नळीतून वर चढतो. डोकं जड झालं की पक्षी वाकतो. वाकल्यावर नळीचं खालचं तोंड द्रवातून उघडं पडतं, वरखालचा दाब सारखा होतो, द्रव परत पोटात येतो आणि पक्षी उभा राहतो. ही सगळी उष्णतागतिकी त्या कागदात कोरड्या, काटेकोर भाषेत लिहिलेली आहे. गंमत वाटते, हसू येतं, असा शब्द शीर्षकापलीकडे शोधावा लागतो.

पेटंटमध्ये खेळ एकीकडे असतो आणि शब्द दुसरीकडे. एकांड्या संशोधकाचं नशीब बहुतेक वेळा शब्दांच्या बाजूला ठरतं. खटपट करून, रात्री जागून एखादी मजेदार वस्तू बनवणाऱ्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. पेटंट म्हणजे शाबासकीचं प्रमाणपत्र नव्हे. वस्तू चांगली आहे, खपेल, सुरक्षित आहे, यातलं काहीही पेटंट सांगत नाही. वस्तू विकायचा परवानाही ते देत नाही. ते एवढंच म्हणतं की कागदावर जे शब्दांत बांधलं आहे ते ठरावीक मुदतीपर्यंत तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी बनवू, वापरू वा विकू नये. हा रोखण्याचा हक्क आहे. त्या बदल्यात तुम्ही आपली युक्ती जगाला पूर्ण उघड करून सांगायची. समाजाशी केलेला हा सौदा आहे: आज सगळं सांगा, काही वर्षं राखून ठेवा, मग ते सर्वांचं.

पेटंट कार्यालयात अर्ज तपासणारा परीक्षक वस्तूच्या शहाणपणाचा निवाडा करत नाही, याचं बोलकं उदाहरण म्हणजे ब्रिटनचे आर्थर पेड्रिक. हे गृहस्थ स्वतः पूर्वी पेटंट परीक्षक होते. निवृत्तीनंतर १९६० आणि ७० च्या दशकांत त्यांनी दीडशेहून जास्त पेटंटं मिळवली. त्यातल्या एकात मांजराच्या अंगाचा रंग ओळखून उघडणारी छोटी झडप आहे, आणि त्याच कागदात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या, शांतता राखणाऱ्या बाँबचीही चर्चा आहे. नियमांत बसतं, नवीन आहे, मग मिळालं पेटंट. अमेरिकेतही १९८६ साली स्वतःच्या पाठीवर शाबासकीची थाप मारणाऱ्या यंत्राला आणि १९९९ साली आइस्क्रीमचा गोळा आपोआप फिरवणाऱ्या मोटरच्या कोनाला पेटंट मिळालं आहे.

मग प्रश्न पडतो की 'उपयुक्त' या अटीचं काय? अमेरिकेच्या कायद्यात शोध उपयुक्त असावा असं स्पष्ट म्हटलं आहे. नुसती गंमत हा उपयोग धरायचा का? १८१७ साली एका पंपाच्या खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी या शब्दाचा अर्थ बराच सैल केला. शोध आधीच्यापेक्षा सरस असायलाच हवा असं नाही. तो समाजाला अपायकारक किंवा अनीतीचा नसला म्हणजे झालं, असा त्यांचा रोख होता. त्या 'अनीती'च्या फटीतून पुढे कित्येक गमतीच्या वस्तू गळाल्या. १८८९ साली खेळण्यातल्या घोड्यांच्या शर्यतीचं एक यंत्र कोर्टाने पेटंटला अपात्र ठरवलं, कारण त्याचा वापर जुगारासाठीच होत होता.

ही खिडकी बऱ्यापैकी उघडली ती १९९९ मध्ये. खटला होता एका सरबताच्या यंत्राचा. वरच्या पारदर्शक भांड्यात रंगीत द्रव घुसळत राहतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपलं सरबत तिथूनच येतंय. प्रत्यक्षात पेय खाली, आड जागी, त्या क्षणी मिसळलं जातं. खालच्या कोर्टाने म्हटलं, ही फसवणूक आहे, यात उपयोग कसला? वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. एक वस्तू दुसरीसारखी भासवणं हाही एक ठोस उपयोग आहे, आणि ग्राहकाला फसवण्याविरुद्धचे कायदे वेगळे आहेत, ते काम पेटंट कार्यालयाचं नाही, असं त्याचं म्हणणं. खोटा किडा, नकली सांडलेली शाई किंवा दिसतं त्याहून वेगळं वागणारी पेटी बनवणाऱ्या माणसासाठी हा निकाल मोठा दिलासा आहे. आज करमणूक हा पुरेसा उपयोग मानला जातो, त्या पायरीवर खेळणी सहसा अडखळत नाहीत.

अडखळतात पुढच्या दोन पायऱ्यांवर. शोध नवीन हवा, आणि त्या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाला सहज सुचेल असा नसावा. खेळण्यांच्या बाबतीत हे कठीण आहे, कारण माणूस हजारो वर्षं खेळतो आहे. भोवरा, चाक, झोका, शिट्टी, स्प्रिंग, आरसा हे सगळं कधीच होऊन गेलं. १९९५ साली अमेरिकेत लेझरच्या ठिपक्यामागे मांजराला पळवून व्यायाम घडवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळालं. दाव्यात मांजर 'मोकळं सोडलेलं' हवं असंसुद्धा नमूद आहे. २००२ मध्ये तर एका लहान मुलाच्या नावे झोक्यावर डावी-उजवीकडे झुलण्याच्या पद्धतीचं पेटंट निघालं. वडील पेटंटचे वकील होते. बरीच चर्चा झाली, कार्यालयाने स्वतःहून फेरतपासणी केली आणि त्यातले दावे रद्द झाले. अशी उदाहरणं वाचून लोक पेटंट व्यवस्थेवर हसतात, पण माझ्या मते ती एक गोष्ट नीट दाखवतात: परीक्षकाला कागदोपत्री पुरावा लागतो. मुलं पिढ्यान्‌पिढ्या डावी-उजवीकडे झुलत आली, पण ते लिहून कुणी ठेवलं होतं? खेळाचा बराचसा इतिहास अलिखित आहे, आणि अलिखित इतिहास परीक्षकाच्या टेबलावर येत नाही.

आता खरा गाभा. पेटंटच्या शेवटी क्रमांक घालून काही वाक्यं असतात, त्यांना दावे म्हणतात. आधीची सगळी पानं, चित्रं, स्पष्टीकरणं ही त्या दाव्यांची समजूत पटावी म्हणून. तुमची मालकी फक्त दाव्यांपुरती. सातबाऱ्यावर जमिनीच्या हद्दी असतात, तशा शोधाच्या हद्दी दाव्यात असतात.

एक कल्पित वस्तू घेऊन हे पाहू. समजा तुम्ही कागदावर नक्षी काढणारा भोवरा बनवला. टोकाच्या जागी शाईची निब. भोवरा फिरतो, रेघ उमटते. तुम्ही आनंदाने पहिला दावा लिहिता: 'लाकडी गोल अंग, पितळी मान आणि मानेत बसवलेली निळ्या शाईची निब असलेला भोवरा.' शेजारचा माणूस प्लॅस्टिकचं अंग करतो आणि हिरवी शाई घालतो. तो तुमच्या हद्दीबाहेर गेला. कारण नियम असा की दाव्यात सांगितलेला एकूण एक घटक समोरच्याच्या वस्तूत असेल तरच उल्लंघन. एक जरी कमी पडला तरी तो मोकळा. इथे पुष्कळांची समजूत उलटी होते. त्यांना वाटतं जितकं बारीक वर्णन तितकं संरक्षण पक्कं. प्रत्यक्षात प्रत्येक जादा शब्द म्हणजे आपणच आपल्या कुंपणाला पाडलेलं भगदाड.

बरं, मग दुसऱ्या टोकाला जाऊन लिहिलं: 'फिरताना पृष्ठभागावर खूण उमटवणारं खेळणं.' आता हद्द प्रचंड मोठी, पण परीक्षक लगेच सांगेल की लिहिणारे भोवरे आधीपासून आहेत. दावा पडला. म्हणून आपल्या वस्तूत खरोखर नवीन काय, हे शोधून काढावं लागतं, आणि हे काम वस्तू बनवण्याइतकंच कल्पक आहे. समजा तुमच्या भोवऱ्यात निब मध्यावर घट्ट बसवलेली नाही. वेग जास्त असताना ती मध्याजवळ राहते आणि वेग उतरत जातो तशी बाहेर सरकते, त्यामुळे रेघेचं आपोआप वेटोळं होतं. हे नवीन. मग दावा असा: 'फिरणारं अंग, त्याच्या अक्षापासून सरकू शकणारं खूण करणारं टोक, आणि फिरण्याच्या वेगानुसार ते टोक सरकवणारी यंत्रणा.' लाकूड नाही, पितळ नाही, निळी शाई नाही. तीनच घटक, पण तिन्हीशिवाय ती मजा येत नाही.

लाकूड आणि पितळ फेकून द्यायचं नाही. ते पुढच्या दाव्यांत घालायचं: 'पहिल्या दाव्यातला भोवरा, ज्यात ती यंत्रणा म्हणजे स्प्रिंगला जोडलेलं वजन आहे', मग 'दुसऱ्या दाव्यातला भोवरा, ज्यात...' अशी उतरंड. उद्या कुणी जुना पुरावा आणून पहिला दावा पाडला तरी आतले टिकू शकतात. बाहेरचा तट ढासळला तरी बालेकिल्ला शाबूत राहावा, तसं.

ही उतरंड नीट न बांधल्याने किंवा हद्द चुकीच्या जागी आखल्याने काय होतं, ते घनाच्या कोड्याच्या इतिहासात दिसतं. लॅरी निकल्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला फिरवायच्या घनाची कल्पना १९५७ साली, विद्यार्थीदशेत सुचली. त्यांनी कागदाचे नमुने केले. १९७० मध्ये अर्ज, १९७२ मध्ये पेटंट. आठ छोटे घन चुंबकांनी एकत्र धरलेले, म्हणजे २×२×२. पेटंट त्यांच्या कंपनीच्या नावे होतं. तिकडे हंगेरीत एर्नो रूबिक यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे ३×३×३ घन बनवला, आणि जगाला वेड लागलं ते त्याचं. निकल्सच्या कंपनीने अमेरिकेतल्या विक्रेत्यावर खटला भरला. वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्यातून निघालं ते असं: छोटा २×२×२ घन निकल्सच्या हद्दीत येतो, मोठा ३×३×३ येत नाही. दाव्याच्या शब्दांत आठ घनांचा समूह आणि त्यातले चार-चार फिरवणं असं लिहिलं होतं. सगळ्या जगाने विकत घेतला तो मोठा घन त्या वाक्याबाहेर राहिला. कल्पना तीच म्हणावी इतकी जवळची, आनंद तोच, पण निकाल आकड्यावर लागला.

या खटल्यातली आणखी एक गोष्ट प्रत्येक एकांड्या संशोधकाने लक्षात ठेवावी अशी आहे. विरुद्ध बाजूने म्हटलं की निकल्सनी अर्जाच्या कितीतरी आधी कागदी घन मित्रांना दाखवला, म्हणजे तो जगजाहीर झाला, पेटंट बाद करा. कोर्टाने १९८६ मध्ये हे मानलं नाही. खोलीवरच्या मित्रांना दाखवलं तरी वस्तूवरचा ताबा त्यांनी सोडला नव्हता, ती विकायला किंवा मोकळेपणी वापरायला दिली नव्हती, असं कोर्टाचं मत पडलं. निकल्स वाचले, पण थोडक्यात वाचले. आपला शोध दाखवायची हौस कुणाला नसते? गमतीची वस्तू तर दाखवण्यासाठीच असते. समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू उमटल्याशिवाय ती चालते की नाही हेच कळत नाही. पण अमेरिकेत जाहीर केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि युरोपात तर सहसा एका दिवसाचीही सवलत नाही. एकदा व्हिडिओ टाकला, जत्रेत मांडला, चार नग विकले, की तिकडचा दरवाजा बंद. मग अर्ज करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

रूबिक यांची अडचण याच वेळेच्या हिशेबातली. त्यांचा हंगेरीतला अर्ज १९७५ च्या जानेवारीतला. आंतरराष्ट्रीय करारानुसार पहिल्या अर्जानंतर बारा महिन्यांच्या आत इतर देशांत अर्ज केला तर तारीख पहिलीच धरली जाते. ते बारा महिने तसेच गेले. पुढे १९८० च्या सुमारास घन जगभर पसरला तेव्हा मूळ युक्तीचं पेटंट हंगेरीपुरतंच होतं आणि नकलांना बाहेर रान मोकळं होतं.

म्हणून अमेरिकेत बरेच जण आधी तात्पुरता अर्ज करतात. त्यात दावे लिहावे लागत नाहीत, परीक्षा होत नाही, खर्च कमी, आणि तारीख पक्की होते. बारा महिन्यांत पूर्ण अर्ज केला नाही तर तो आपोआप संपतो. त्या वर्षभरात वस्तू लोकांना दाखवा, कंपन्यांकडे जा, सुधारा. एवढंच सांभाळा की तात्पुरत्या अर्जात जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. घाईत अर्धं पान खरडून टाकलेला अर्ज अर्ध्या पानाएवढंच राखतो.

दोन प्रकारची पेटंटं असतात हेही इथेच सांगतो. एक वस्तू कशी काम करते याचं, दुसरं ती दिसते कशी याचं. अमेरिकेत पहिल्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, दुसऱ्याची मंजुरीपासून १५. फरक समजायला हाताने फेकायची उडती तबकडी, म्हणजे फ्रिस्बी, पुरे. फ्रेड मॉरिसन यांना १९५८ मध्ये आपल्या तबकडीच्या रूपाचं पेटंट मिळालं. कागदावर फक्त आकृती. पुढे तीच तबकडी विकणाऱ्या कंपनीतले एड हेड्रिक यांनी वरच्या पृष्ठावर एकात एक गोल कंगोरे काढले. त्यांमुळे पृष्ठावरून वाहणाऱ्या हवेची वागणूक बदलते आणि तबकडी डगमगत नाही. १९६७ मध्ये त्यांना मिळालं ते कामाचं पेटंट. दिसायला दोन्ही तबकड्याच. एकात रेषेची मालकी, दुसऱ्यात त्या रेषेमुळे हवेत जे घडतं त्याची. रूपाचं पेटंट स्वस्त आणि लवकर मिळतं, म्हणून नवशिक्याला मोह होतो. पण नक्कल करणाऱ्याने आकार जरा बदलला की ते बहुधा निरुपयोगी होतं. तुमच्या वस्तूची मजा तिच्या वागण्यात असेल तर फक्त रूपावर विसंबू नये.

जादूच्या वस्तूंचं दुखणं आणखी वेगळं. तिथे सगळी किंमत गुपिताची, आणि पेटंटचा सौदाच गुपित उघडं करण्याचा. होरेस गोल्डिन या जादूगाराने बाईला करवतीने कापण्याच्या प्रयोगाचं १९२३ मध्ये पेटंट घेतलं. दहाएक वर्षांनी एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातीत ती करामत कशी होते ते छापून टाकलं. गोल्डिन कोर्टात गेले. १९३८ मध्ये हरले, कारण गुपित त्यांनी स्वतःच पेटंटमध्ये जाहीर केलेलं होतं. पेटंट दुसऱ्याला ती पेटी बनवण्यापासून रोखतं, तिच्याबद्दल बोलण्यापासून नव्हे. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं. नकलांपासून वाचायला त्यांनी जो उपाय केला त्यानेच त्यांची जादू उघडी पडली. पण साधं खेळणं बनवणाऱ्याला गुपित ठेवण्याचा पर्यायही नसतो. पहिला नग विकला की कुणीही चार स्क्रू काढून आत पाहतो.

मंजुरी मिळाली म्हणजे काम संपलं नाही. अमेरिकेत कामाच्या पेटंटला साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी फी भरून जिवंत ठेवावं लागतं. बोटांवर फिरवायच्या भिंगरीचं वेड २०१७ मध्ये आलं तेव्हा कॅथरिन हेटिंगर यांची गोष्ट सगळीकडे छापून आली. १९९७ चं त्यांचं पेटंट २००५ मध्ये सुटलं, कारण ४०० डॉलरची फी भरायला पैसे नव्हते. वाचणाऱ्याच्या पोटात तुटतं. पण त्यांचा कागद काढून वाचला तर दिसतं की त्यांचं खेळणं घुमटासारखं, बोटावर तोलून फिरवायचं होतं. मधल्या बेअरिंगवर फिरणारी तीन पाकळ्यांची भिंगरी त्या दाव्यांत बसत नाही. शिवाय फी भरली असती तरी मुदत २०१७ च्या आधी संपलीच असती. त्यांच्या हातून अब्जावधी निसटले हे सांगायला सोपं आहे, पण खरं नाही. दाव्याचे शब्द वाचले की बातमी बदलते, म्हणून मी ही सवय लावून घेतली आहे. फीचं म्हणाल तर आता कमी उत्पन्नाच्या आणि थोडेच अर्ज केलेल्या संशोधकांना बहुतेक शुल्कांत ८० टक्के सूट आहे. ती अर्जासोबत मागावी लागते.

पैसा येतो तो बहुधा कंपनीला हक्क देऊन. इथे दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. लॉनी जॉन्सन हे अवकाश संशोधनातले अभियंता. १९८२ साली घरी एका उष्णता पंपावर प्रयोग करताना न्हाणीघरात पाण्याची जोरदार चिळकांडी उडाली आणि त्यांना पाण्याच्या बंदुकीची कल्पना सुचली. हाताने दाबून हवा कोंडायची, मग पाणी लांब फेकायचं. १९८६ मध्ये पेटंट मिळालं. कंपनी भेटली १९८९ मध्ये, म्हणजे कल्पनेनंतर सात वर्षांनी. 'सुपर सोकर' या नावाने ती बंदूक १९९१ पासून गाजली. त्यांनी हक्क फुंकून टाकले नाहीत, रॉयल्टी ठेवली, आणि पुढे फोमच्या गोळ्यांच्या खेळण्यांवरची रॉयल्टी कमी दिली गेल्याचं दिसल्यावर लवादात गेले. २०१३ मध्ये त्यांना सुमारे ७ कोटी २९ लाख डॉलर मंजूर झाले.

दुसरीकडे लिझी मॅगी. जमीनमालकीची विषमता समजावी म्हणून त्यांनी पटावरचा एक खेळ रचला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. 'मोनोपॉली'चं मूळ या खेळात आहे. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने त्यांचे हक्क ५०० डॉलरला घेतले, रॉयल्टी नाही. नाव झालं दुसऱ्याचं.

रॉयल्टीलाही हद्द आहे. स्टीफन किंबल यांनी हातमोज्यातून जाळ्यासारखा फेसाचा धागा फेकणारं खेळणं शोधलं. स्पायडर-मॅनच्या मार्व्हल कंपनीबरोबरच्या वादात तडजोड झाली: एकरकमी सुमारे पाच लाख डॉलर आणि विक्रीवर ३ टक्के, शेवटची तारीख न ठरवता. पुढे पेटंटची मुदत संपली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की मुदत संपल्यावर त्या पेटंटपोटी रॉयल्टी मागता येत नाही. हा नियम जुनाच होता, पण सही करताना दोन्ही बाजूंनी तो लक्षात घेतला नव्हता. करार करताना हे आधी माहीत असतं तर पैसे पुढे-मागे वेगळ्या तऱ्हेने बांधता आले असते; मुदतीच्या आतली रक्कम नंतरच्या हप्त्यांत घेता येते, किंवा पेटंटखेरीज दुसऱ्या हक्कांचा मोबदला ठरवता येतो.

त्या दुसऱ्या हक्कांत सगळ्यात टिकाऊ म्हणजे नाव. 'स्लिंकी' हे नाव रिचर्ड जेम्स यांच्या पत्नी बेटी यांनी सुचवलं. जिना उतरणाऱ्या त्या स्प्रिंगचं पेटंट १९४७ चं, ते कधीच संपलं. नाव मात्र नूतनीकरण करत राहिलं तर संपत नाही. म्हणून वस्तूला नाव देणं हे शेवटी उरकायचं काम नव्हे. पण नावाच्या हक्काच्या आडून वस्तूची कामगिरी मात्र कायमची राखता येत नाही. रूबिकच्या घनाचा आकार युरोपात ट्रेडमार्क म्हणून नोंदला होता. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आक्षेप मान्य केला: आकारामागे फिरण्याचं तांत्रिक काम दडलेलं आहे, आणि तसल्या कामासाठी पेटंटची ठरावीक मुदतच आहे.

एक इशारा कळकळीने देतो. 'तुमची कल्पना आणा, आम्ही पेटंट काढून कंपन्यांना विकून देतो' असं सांगून आगाऊ पैसे घेणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. अमेरिकेत १९९९ च्या कायद्याने त्यांना बंधन घातलं की किती ग्राहकांना त्यांच्या सेवेमुळे निव्वळ नफा झाला, हे करार करण्याआधी लेखी सांगावं. तो आकडा मागा. मागितल्यावर समोरचा गडबडला तर उठून या. आणि कुणाच्याही मदतीने अर्ज करताना नाव आपलंच लागलं आहे ना, ते पाहा. दोन चाकं फिरवून पडद्यावर चित्र काढायचं 'एच अ स्केच' हे खेळणं फ्रान्सच्या आंद्रे कासान्य या वीजतंत्र्याचं. पेटंटच्या कामात गुंतवणूकदाराच्या हिशेबनिसाचं, आर्थर ग्रांजां यांचं नाव पडलं, आणि बरीच वर्षं शोधाचं श्रेय तिकडेच जात राहिलं.

जुनी पेटंटं आज कुणालाही फुकट वाचता येतात. वाचताना वरचा गोषवारा सोडा. आधी चित्रं पाहा, मग थेट पहिल्या दाव्यावर जा आणि त्यातले घटक बोटांवर मोजा. मग स्वतःला विचारा, यातलं कुठलं काढलं तरी मजा राहते? ते बहुतेक जादा लिहिलं गेलेलं असतं. कुठलं काढलं की वस्तू निर्जीव होते? तो शोध. सुलिवन यांच्या पक्ष्यापासून सुरुवात करावी असं मी सुचवेन. त्या काळी मुदत मंजुरीपासून १७ वर्षांची होती, म्हणजे १९६३ मध्ये त्याची हद्द मोडली. तेव्हापासून तो पक्षी कुणीही बनवू शकतं, आणि कसा बनवायचा ते त्याच कागदावर, आकृतीसह, लिहिलेलं आहे.